अर्धा शेर तूट

‘मयत मुनवर वल्द बाबामियाँ, धंदा खवा वाहतूक, राहणार ईट, याने पोहोचवण्यासाठी ताब्यात दिलेल्या मालापैकी खवा वाटेत चोरून अतिप्रमाणात भक्षण केला व त्यायोगे श्वास कोंडून तो मरण पावला. त्याच्या मृत्यूस अन्य कोणीही कारणीभूत नाही.’

सरकारी चौकशीचा हा निष्कर्ष आहे. तो एकोणीसशे सत्तावन्न सालचा चैत्र सरता सरता लिहिला गेला. आपण तोवर निजामाच्या अमलातून हैदराबाद राज्यात आणि हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन पोहोचलो होतो. पंचनामे उर्दूतून मराठीत आले होते. खोटे मात्र भाषांतराची वाट न पाहता आधीच येऊन बसले होते.

मी ईटच्या शाळेत शिक्षक आहे. जुने फारसी आणि मोडी कागद वाचण्यात माझी उरलेली हयात चालली आहे. त्या वाचनातून मला एक गोष्ट कळली आहे, ती अशी की बनावट सनद ओळखायला शाई तपासावी लागत नाही. खऱ्या कागदात काहीतरी राहून गेलेले असते. बनावट कागदात सगळे असते. वरील निष्कर्षात सगळे आहे. गुन्हा आहे, गुन्हेगार आहे, शिक्षाही आहे, आणि या तिन्ही जागी एकाच माणसाला बसवून सरकारने मोठीच काटकसर साधली आहे.

आता हे विधान जरा उजेडात धरू. मुनवरने खवा ‘वाटेत’ खाल्ला, आणि तो मेला मांजरा नदीच्या अलीकडच्या एका गावात, मुलीच्या लग्नासाठी खवा मागवणाऱ्या हिंमतरावांच्या वाड्यामागच्या गोठ्यात. (त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. गाव दोषी नव्हते. गाव त्या वेळी जेवत होते.) म्हणजे सरकारच्या मते घशात खव्याचा बोळा अडकलेला हा माणूस पुढे सायकल चालवत गेला, वेशीतून आत शिरला, टोपली उतरवली, वजन करून दिले, आणि मग कुणाला अडचण होऊ नये अशा बेताने आडोशाला जाऊन गुदमरला. इतका शिष्टाचार मी कोणत्याही दरबारी बखरीत वाचलेला नाही.

चोरीला पुरावे तीन दिले आहेत. टोपलीत अर्धा शेर तूट आली. मयताच्या तोंडात व घशात खवा सापडला. आणि ‘टोपलीभर खवा एकट्याने खाईन’ असा मनसुबा मयताने त्याच सकाळी साथीदारांसमक्ष बोलून दाखवला होता.

या तिसऱ्या पुराव्यापासून सुरुवात करतो, कारण त्या सकाळी मी तिथे होतो.

ईटच्या बाजूला दूध आटवून खवा करणारी घरे पुष्कळ. तो खवा सायकलींवरून बाहेरगावी जातो. पळसाची पाने घातलेली टोपली, वर ओले फडके, आणि मागच्या कॅरिअरला काथ्याने आवळलेले ते ओझे. मुनवर, लिंबाजी आणि बंडप्पा हे तिघे बरोबर निघत. येरमाळ्याकडचा चढ लागला की सायकली हाताने लोटाव्या लागत. जवळपासचे शिलालेख उतरवून घ्यायला मी अधूनमधून त्या वाटेने जात असे. त्यामुळे त्यांची ‘पंगत’ मला ठाऊक होती. चढाला लागले की पंगत बसे. एकाने गोडाचे ताट तोंडी वाढायचे आणि बाकीच्यांनी तोंडीच जेवायचे. नियम एकच, पण तो कडक: पाठीमागच्या मालाचे नाव वाटेत घ्यायचे नाही. नाव घेतले की माल ऐकतो आणि आंबतो, अशी या लोकांची समजूत आहे. खव्याला ते वाटेत ‘पाहुणा’ म्हणत. जन्मभर गोड वाहून नेणारी ही माणसे त्यातले नखभरही तोंडात टाकीत नसत. म्हणून तर त्यांना बोलायला एवढे गोड सुचत असावे.

त्या दिवशी रमजान चालू होता. पहाटे सहेरी करून मुनवर निघालेला. ऊन तापायला लागले होते.

“आज वाढप्या कोण?” लिंबाजीने विचारले.

“मुनवर,” बंडप्पा म्हणाला. “उपाशी माणसाचा हात सैल असतोय. पोटभरल्याला वाढाया सांगितलं की त्यो मोजून वाढतोय.”

“वाढतो की,” मुनवर म्हणाला. “पर मधी बोलायचं न्हाय. आज केक हाय.”

“केक? ते काय असतंय?”

“सोलापूरला बेकरीच्या काचंमागं बघितलाय म्या. डबल रोटीचा बाप समज. मऊ असा की बोट लावलं तर बोटच लाजंल. वरनं साखरंचा पांढरा लेप, कुडाच्या भिंतीला चुना द्यावा तसा.”

“अन् आत काय?”

“आत अंडी.”

बंडप्पा थांबला. “माझं पान उचल. लिंगायताच्या ताटात अंडं वाढतो व्हय रं? आमच्या स्वामींनी ऐकलं तर मठाच्या पायरीला उभं करनार न्हाईत.”

“तुला नानकटाई वाढली हाय ना, अण्णा. तुपातली. बघ तरी ताटात.”

“किती?”

“चार.”

“अन् ह्या लिंबाजीला?”

“त्याला बिस्किटं.”

“बिस्किटं नगं मला,” लिंबाजी म्हणाला. “चहात बुडवलं की जीव सोडतंय. खाणाराचं तोंड बघत खाली जाऊन बसतंय. आमच्या आईचा गुलगुला बघ. कढईत टाकला की पव्हत वर येतो.”

“तुझ्या आईचा गुलगुला म्या खाल्लाय,” बंडप्पा म्हणाला. “कढईत वर येतो खरा. पोटात गेला की बसतो तो बसतोच. चार दिस उठत न्हाय.”

“आईवर जाऊ नगं हां.”

“आईवर न्हाय, गुलगुल्यावर चाललोय.”

मुनवर हसता हसता हॅण्डलवर वाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, तुमच्या पानात काय वाढू?”

“खारी,” मी म्हणालो.

तिघेही ओरडले. गोडाच्या पंगतीत खारी मागणे म्हणजे मांडवात गळा काढणे. मला दंड झाला: पुढच्या वळणापर्यंत बंडप्पाची सायकल मी लोटायची.

“ईदीला आईसाठी आणणार हाय केक,” मुनवर म्हणाला. “सोलापुरातनं.”

“शरिफाबीला दात कुठं हायती?”

“म्हणूनच की! दात नसलेल्यासाठीच काढलाय त्यो. पर आदी म्या एक टोपलीभर केक एकट्यानं खाणार. तुमाला वास बी देणार न्हाय.”

“रोज्याचं बोलणं मनावर घ्यायचं नसतंय,” लिंबाजी म्हणाला, आणि चढ संपला. मी फाट्याला वळलो. मुनवरला मी जिवंत पाहिले ते तेवढेच.

लिंबाजीने पुढे जबाबात सांगितले ते हेच: टोपलीभर केक. जबाब लिहून घेणाऱ्या जमादाराला केक ठाऊक नव्हता. खवा ठाऊक होता. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे असे शिक्षणशास्त्र सांगते. जमादार उलट दिशेने गेला आणि वाटेत एका माणसाला चोर करून आला. लिंबाजीने अंगठा उठवला. त्याला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवावे असे कुणाला वाटले नाही.

मुनवरला दुसऱ्या दिवशी ईटच्या कबरस्तानात दफन केले. त्याचे वडील बाबामियाँ अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. त्यांच्याबद्दल तर एवढाही पंचनामा नाही. निष्कर्ष लिहून झाल्यावर शरिफाबीने मला बोलावून घेतले. ती दाराच्या आत जमिनीवर बसली होती. निष्कर्षाची नक्कल मी वाचून दाखवावी म्हणून कुणीतरी ती तिथे आणून ठेवली होती. मी वाचली.

तिने ‘चोरून’ या शब्दाला हात हलवला, जणू माशी उडवली.

“चोरीचं सरकार बघंल, न्हाय तर न्हाय बघणार,” ती म्हणाली. “गवळ्यांनी आमच्या मोहल्ल्याला माल देणं बंद केलंय, त्ये बी हिथंच ऱ्हाऊ द्या. त्याच्या तोंडात खवा व्हता, गुरुजी. घरी आणला तवा म्या ह्या पदरानं त्याचे व्हट पुसले. दातांत बी व्हता. मला एकच सांगा. माझ्या लेकानं रोजा मोडला का?”

मी नकलेची घडी घातली.

“बारा वर्सांचा असल्यापास्नं धरत आलाय. तापात बी मोडला न्हाय. आता ऊन लई व्हतं, वाट लांब व्हती. मोडला आसंल तर मोडला, आई हाय मी, माफ करीन. पर मला ठावं पायजे. न्हाय तर म्या दुवा कशाची मागू?”

शरीयतीत बळजबरीने खाऊ घातलेल्याचा दोष खाणाऱ्यावर नाही, हे मला पुस्तकांवरून माहीत होते. पण बळजबरी झाली की नाही, हे मला माहीत नव्हते. पुराव्यावाचून दिलासा देणे हे काम अधिकाऱ्यांनी केले होते, तेही हिंमतरावांना. मी तिला म्हणालो, “शोधून सांगतो.”

मग मी बंडप्पाकडे गेलो. तो त्या दिवसापासून माझ्यापुढे आला नव्हता. घराच्या ओट्यावर बसला होता, आणि सायकल उलटी करून तिचे चाक उगाच फिरवीत होता.

“तूट तुझ्या टोपलीत का नाही आली?” मी विचारले. “लिंबाजीच्या का नाही? तिघांचा माल एकाच भट्टीचा, वाट एक, ऊन एक.”

त्याने चाक थांबवले. “आमी बावडीवर उतरलो व्हतो.”

त्याने सांगितले ते असे. चढ उतरल्यावर वाटेला एक पायऱ्यांची बावडी आहे. तिथे खवेवाले थांबतात, पाणी पितात, आणि टोपलीवरचे फडके पुन्हा ओले करतात. ओल्या फडक्याने खवा थंड राहतो. आणि पाण्याचा हात जरा सैल पडला तर वजनही भरते. या धंद्यात ही थोडी लबाडी आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. पेठेतला व्यापारी म्हणून टोपलीमागे सूट धरतो. खवा उन्हात सुकतो, वजन घटते, त्याला तो ‘वाटेनं खाल्लं’ म्हणतो आणि पुढे बोलतो. हिंमतराव व्यापारी नव्हते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी माल परस्पर मागवला होता. वाट काही खाते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या अनुभवात खाणारी फक्त माणसेच.

“अन् मुनवर?”

“त्यो उतरला न्हाय. म्हणला, पाणी बघितलं की जीव चळतो, म्या वरच थांबतो. माझं बी फडकं भिजवून आण म्हणून सांगायला पायजे व्हतं त्यानं. म्या बी इचारायला पायजे व्हतं.” बंडप्पाने चाकावर हात ठेवला. “आमी खाली लई येळ बसलो, गुरुजी. गार व्हतं. त्यो वर उन्हात हुबा. फडकं पार कागदावानी वाळलं व्हतं त्याचं.”

हे वाक्य ऐकले तेव्हा मला जे कळले, ते मी फेरचौकशीच्या अर्जात जमेल तितक्या थंडपणे लिहिले. टोपलीत अर्धा शेर तूट आली, कारण फडके वाळले. फडके वाळले, कारण मुनवर बावडीत उतरला नाही. आणि तो उतरला नाही, कारण त्याचा रोजा होता आणि तो त्याला मोडायचा नव्हता. ज्याने वाटेत चोरून खाल्ले असते, त्याला पाण्यापासून दूर उभे राहण्याचे कारण नव्हते. तो पहिला उतरला असता, तोंड धुतले असते, फडके भिजवले असते आणि वजन भरून दिले असते. सरकारने जी तूट चोरीचा पुरावा म्हणून मांडली, ती त्याच्या उपासाचा पुरावा होती. पूर्ण भरलेली टोपलीच संशयास्पद ठरली असती.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. ते शिकलेले गृहस्थ होते; तर्काची त्यांनी तारीफ केली. “पण मास्तर,” ते म्हणाले, “घशात खवा होता, हे तर तुम्ही नाकारत नाही?”

“नाकारत नाही.”

“मग तो तिथे गेला कसा? उपासवाल्याच्या घशात? पाहणारा कोण आहे?”

पाहणारा कोणी नव्हता. वजन झाल्यावर लिंबाजी आणि बंडप्पा यांना वाड्याच्या दिंडीदरवाज्याबाहेर काढले होते. मुनवरला ‘जरा थांब’ म्हटले होते. बाहेर या दोघांना आतले हसणे ऐकू आले. हसणे असल्यामुळे त्यांना काळजी वाटली नाही. लग्नघर आहे, चेष्टा चालली असेल, असे लिंबाजी म्हणाला होता. हसण्याच्या आडून माणूस मारता येतो, ही गोष्ट या दोघांच्या पंगतीत कधी शिकवली गेली नव्हती.

आता उरला प्रश्न एकाच माणसाला विचारण्याचा, आणि तो माणूस मला आधीपासून बोलावत होता. हिंमतरावांना आपल्या घराण्याचा इतिहास लिहून हवा होता. जुने कागद पेटीत होते, ते कुणाला वाचता येत नव्हते, आणि आता राज्य बदलल्यावर आपण मुळापासून मोठे आहोत हे छापून ठेवण्याची घाई बऱ्याच घरांना झाली होती. मी गेलो.

त्यांनी माझे स्वागत उत्तम केले. बैठकीत गादीवर बसवले, चहा आणि बशीभर बिस्किटे समोर ठेवली. मी बिस्किटांना हात लावला नाही. त्यांनी ते पथ्य समजून सोडून दिले. दोन गडी दाराशी बसले होते. पेटीतले कागद मी प्रामाणिकपणे वाचले. त्यात एका पूर्वजाला चौथाई वसुलीत लबाडी केल्याबद्दल दंड झाल्याचा उल्लेख होता. तो मी मोठ्याने वाचून दाखवला.

हिंमतराव हसले. “ते गाळा.”

“गाळता येते,” मी म्हणालो, “पण मग लोक इतर पाने खरी मानत नाहीत. इतिहासात घराण्याचा दरारा दिसायला हवा असेल तर सगळे लिहावे लागते. लोक काय बोलतात ते तुमच्याही कानांवर असेल. त्या खवेवाल्याच्या बाबतीत कुणी म्हणतो, तुम्ही त्याला काठीने मारला. कुणी म्हणतो, तुम्ही घाबरून खोलीत बसला होतात आणि गड्यांनी परस्पर केले.”

“कोण म्हणतंय घाबरलो?”

“लोक.”

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. चौकशी बंद झाली होती, निष्कर्षावर सही झाली होती, लेक सासरी नांदत होती. भीती वाटावी असे त्यांच्या भोवती काहीही उरले नव्हते, आणि ‘घाबरला’ हा शब्द मात्र बैठकीत सर्वांसमोर पडला होता. त्यांनी गड्यांकडे पाहिले. गडी हसले, तेव्हा तेही हसले.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “जसं सांगतो तसं लिवा. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं न्हाय.”

मी तसेच लिहिले. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली. इतिहासाच्या कागदावर सही लागते, असे मी सांगितले होते. त्याची नक्कल मी वर पाठवली. उत्तर आले की बंद झालेल्या प्रकरणात नवा कागद दाखल करून घेण्याची पद्धत नाही, आणि सदर मजकूर कौटुंबिक इतिहासाच्या स्वरूपाचा दिसतो. मी ते उत्तर जपून ठेवले आहे. पुढे कधी कुणी या काळाची सनद वाचू लागला, तर त्याला अस्सल नमुना मिळावा.

मूळ कागद घेऊन मी शरिफाबीकडे गेलो. तिच्या दारात ऊन आले होते आणि ती त्यात बसली होती. मी तिला म्हणालो, हे त्याचे शब्द आहेत, मी त्यात काही सौम्य केलेले नाही. ऐकायचे नसेल तर फक्त उत्तर सांगतो. ती म्हणाली, “शब्दच वाचा.” मी वाचले. तिने मधे एकदाही मला थांबवले नाही. संपल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि म्हणाली, “पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचले. कागदावर होते ते असे:

“घाबरतो कोण? म्याच म्हणलं गड्यांना, अर्धा शेर खाल्लाय ना, मंग ऱ्हायलेला बी ह्यालाच चारा, लग्नाघरनं कुणी उपाशी जायाचं न्हाय. म्या बोट लावलं न्हाय त्याला. दोघांनी हात धरले, तिसरा चारत व्हता. खाईचना बेणं. दात असे मिटले व्हते की पळीचा दांडा घालून उघडावे लागले. रोजा हाय, रोजा हाय, एवढंच चाललं व्हतं त्याचं. मंग चारल्यावर पाणी मागाया लागला खुणंनं. गडी तांब्या घेऊन उठला बी व्हता. म्याच आडवला त्याला. म्हणलं, आरं, रोजा हाय ना त्याचा?”